घरी चारचाकी आहे का?

तामिळनाडू सरकार बाईला महिन्याला एक हजार रुपये देतं, पण त्याआधी तिच्या घरात डोकावून बघतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. बागायत जमीन पाच एकरांहून आणि जिरायत दहा एकरांहून जास्त नको. वर्षाला ३,६०० युनिटांच्या वर वीज जळता कामा नये. आणि दारात चारचाकी नको. ‘कलैञर मगळिर उरिमै तोगै’ असं या योजनेचं नाव. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी कांचीपुरमला तिची सुरुवात केली. अर्ज आले होते १ कोटी ६३ लाख, मंजूर झाले १ कोटी ६ लाख. म्हणजे साधारण दर तीन बायकांमागे एकीला नकार मिळाला. पंखा, फ्रीज आणि शिवणयंत्र चालवणारी बाई विजेच्या युनिटांचा हिशेब ठेवायला लागली, तो या योजनेचा न छापलेला परिणाम.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्या लाडक्या बहिणीलाही उत्पन्नाची हीच मर्यादा आहे आणि चारचाकीचा हाच प्रश्न. फक्त ट्रॅक्टरला माफी. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी अर्ज भराभर मंजूर झाले. निवडणूक आटोपल्यावर सरकारला छाननीची आठवण झाली. २०२५ च्या जुलैत सव्वीस लाखांहून अधिक खात्यांचे हप्ते थांबवले गेले, त्यात काही हजार पुरुषही निघाले. मग सप्टेंबरात ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं. नवरा वारलेला, वडील वारलेले, अशा बायकांनी काय करायचं, याचा विचार आधी कुणी केलेलाच नव्हता.

छाननी वाईट असं म्हणणं नाही. पैसा करदात्यांचा आहे, तो कुठे जातो ते बघायलाच हवं. पण रक्कम जसजशी वाढते तसतशी ही डोकावणारी नजर आखूड का होत जाते, हा प्रश्न पडतो. तो पडण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. त्याच तामिळनाडूची राजधानी पुरते.

‘शिवा इंडस्ट्रीज अँड होल्डिंग्ज’ ही चेन्नईची कंपनी. एअरसेल ही मोबाइल कंपनी उभी करणारे उद्योगपती सी. शिवशंकरन यांच्या समूहातली. कर्जं थकली, तेव्हा आयडीबीआय बँकेने तिला २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या चेन्नई खंडपीठासमोर उभं केलं. जुलै २०१९ मध्ये प्रक्रिया सुरू झाली. देणी होती सुमारे ४,८६३ कोटी रुपयांची. कंपनी विकत घ्यायला पुढे आलेल्या गुंतवणूकदाराच्या प्रस्तावाला पुरेशी मतं पडली नाहीत, तेव्हा कंपनी मोडीत काढायचा अर्ज झाला. त्यानंतर खुद्द प्रवर्तकांकडून तडजोडीचा प्रस्ताव आला: एकूण सुमारे ३२८ कोटी देतो, त्यातले पाच कोटी आधी आणि बाकीचे मंजुरीनंतर सहा महिन्यांत. प्रकरण मागे घ्या, कंपनी आमच्याकडे राहू द्या.

शंभर रुपयांच्या देण्यापोटी पावणेसात रुपये. संहितेच्या कलम १२-अ प्रमाणे असं प्रकरण मागे घ्यायला कर्जदात्यांच्या समितीत नव्वद टक्के मतं लागतात. इथे ९४ टक्क्यांहून अधिक पडली.

न्यायाधिकरण मात्र बिथरलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चेन्नई खंडपीठाने ही तडजोड फेटाळली. ही कसली तडजोड, हा तर धंद्याच्या फेररचनेचा आराखडा आहे, असं त्याचं म्हणणं. कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही तोच निकाल कायम ठेवला. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल रद्द केले. न्या. भूषण गवई आणि न्या. हिमा कोहली यांच्या पीठाचं सांगणं सरळ होतं. कर्ज देणाऱ्यांच्या समितीने आपलं व्यावसायिक शहाणपण वापरून, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी निर्णय घेतला असेल, तर न्यायाधिकरणाने त्यात ढवळाढवळ करायची नसते. तडजोड मंजूर झाली.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल तर्काला धरून आहे, हे मान्य करायला हवं. बुडालेल्या कंपनीचं अवसायन केलं तर बँकांच्या हाती सहसा याहूनही कमी पडतं, तेही वर्षानुवर्षं खेटे घालून. हातात येणारे तीनशे अठ्ठावीस कोटी कागदावरच्या पाच हजार कोटींहून बरे, असा हिशेब कुठलाही सावकार करेल. शिवाय थकलेल्या आकड्यात मुद्दलावर चढलेलं व्याजही असतं. पण सोडून दिलेल्या रकमेकडे एकदा तरी बघावं. ती सुमारे साडेचार हजार कोटींची होती. एवढ्या पैशात तामिळनाडूतल्या सदतीस लाखांहून अधिक बायकांना वर्षभर ते हजार रुपये देता आले असते. आणि हे ‘व्यावसायिक शहाणपण’ कुणाच्या पैशावर चाललं होतं? आयडीबीआयचा ५१ टक्के हिस्सा जानेवारी २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळाने घेतला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकार आणि महामंडळ यांनी मिळून बँकेत आणखी सुमारे ९,३०० कोटी ओतले. महामंडळाचा पैसा म्हणजे विमा एजंटाने दारी येऊन गळ्यात मारलेल्या पॉलिसींचे हप्ते. पॉलिसीधारकाला कुणी विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तरी उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण राजकीय भाषणांत तिचा हमखास गोंधळ होतो. बँकेने कर्ज निर्लेखित केलं म्हणजे ते माफ झालं असं नाही. चार-चार वर्षं थकलेल्या आणि पूर्ण तरतूद करून झालेल्या कर्जाला बँक ताळेबंदातून बाहेर काढते. कर्जदाराची देणी मात्र उरतात, वसुलीचे दावे चालू राहतात. अर्थमंत्री प्रत्येक अधिवेशनात हे सांगतात आणि ते खरंच आहे. आता आकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री, आपल्या छत्रपती संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड यांनी लोकसभेत सांगितलं की, २०१४-१५ पासून नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटी रुपयांची कर्जं निर्लेखित केली. त्यातली निम्मी, ७ लाख ४० हजार कोटींहून अधिक, बड्या उद्योगांची आणि सेवा कंपन्यांची. या काळात निर्लेखित कर्जांतून वसूल झाले २ लाख ४ हजार कोटी. शंभरात चौदा. तांत्रिकदृष्ट्या माफी नाही, हे कबूल. पण ज्या देण्याची परतफेड शंभरात चौदा होते, त्याला शेतकरी काय म्हणेल?

शेतकऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर २०१७ चं वर्ष बघू. तामिळनाडूत आदल्या पावसाळ्यात ईशान्य मोसमी वारे पार फसले होते. जानेवारीत राज्याने दुष्काळ जाहीर केला. तिरुचिरापल्लीचे पी. अय्याकण्णू शंभरेक शेतकऱ्यांना घेऊन दिल्लीला गेले आणि मार्चच्या मध्यापासून जंतरमंतरवर बसले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कवट्या म्हणून माणसांच्या कवट्या त्यांनी समोर मांडल्या, तोंडात उंदीर धरले, अंगावरची लुंगीही उतरवली. काही वृत्तवाहिन्यांना यात विचित्र चित्रं मिळाली, बातमी कमीच मिळाली. मागणी साधी होती, दुष्काळात बुडालेली कर्जं माफ करा. ४ एप्रिलला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने सरकारला सांगितलं की, सहकारी कर्जमाफी पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती न ठेवता सगळ्यांना द्या.

दोनच दिवसांनी, ६ एप्रिलला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी पतधोरण जाहीर करताना कर्जमाफीवर कडक टीका केली. त्याने प्रामाणिक परतफेडीची संस्कृती बिघडते, पुढचे कर्जदार परतफेड टाळतात, मॉरल हॅझर्ड वाढतो. त्याआधी मार्चात स्टेट बँकेच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य असंच काहीसं बोलल्या होत्या, तेव्हा महाराष्ट्र विधानसभेत त्यांच्याविरुद्ध हक्कभंगाची नोटीस आली होती. आमदारांचा राग नाटकी असेल, पण त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा होता. त्याच सुमारास केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन बड्या उद्योगांच्या बुडीत कर्जांबद्दल उलटी गोष्ट सांगत होते. भांडवलशाहीत माणसांकडून चुका होतात, त्या काही प्रमाणात माफ कराव्याच लागतात, असा त्यांचा सूर. सुब्रमणियन प्रामाणिक होते. हे राजकीयदृष्ट्या अवघड आहे, लाडक्यांना पोसल्याचा आरोप होईल, हेही तेच बोलले. पुढे ऑक्टोबरात केंद्राने सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींच्या भांडवलाची योजना जाहीर केली. बड्या कर्जदारांनी पाडलेलं भगदाड करदात्याने भरायचं ठरलं, तेव्हा परतफेडीच्या संस्कृतीचं काय होईल ते मात्र फारसं कुणी बोललं नाही.

मॉरल हॅझर्ड म्हणजे तोटा दुसऱ्याच्या माथी जाणार हे माहीत असलं की माणूस जास्त जोखीम घेतो. ही कल्पना मुळात विम्याच्या धंद्यातली. ती कुणाला जास्त लागू पडते? पाऊस न पडल्याने ज्याचं भात करपलं, त्याने कर्जमाफीच्या आशेने पाऊस अडवून धरला, असं कुणी म्हणणार नाही. शेतकऱ्यांतही हुशार असतात, निवडणुकीच्या वर्षी हप्ता मुद्दाम थकवणारे असतात. भट्टाचार्यबाईंची तक्रार निव्वळ हवेतली नव्हती. पण कोळशाचे भाव, रुपयाचा दर, परवाने आणि वकील यांचा अंदाज बांधून, पाचशे कोटींच्या प्रकल्पाचा खर्च सातशे दाखवून कर्ज उचलण्याची ताकद दोन एकरवाल्याकडे नसते. पुस्तकी व्याख्येप्रमाणे मॉरल हॅझर्ड जिथे सगळ्यात जास्त संभवतो, तिथेच त्याचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं.

तामिळनाडूतल्या त्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं? सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्दच केला. माफी लहान आणि अल्पभूधारकांपुरती ठेवणं वाजवी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकालात चूक काढता येत नाही. ज्याची गरज जास्त त्याला आधी द्यावं, हे बरोबरच. फक्त पाच एकरांची ती रेघ न्यायालयाने बारकाईने तपासली, एवढं ध्यानात ठेवावं. आपल्याकडे जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीलाही अशीच दीड लाखांची रेघ होती, वर ऑनलाइन अर्ज आणि अंगठ्याचा ठसा. केंद्रांबाहेर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या आणि सर्व्हर बंद पडत राहिले.

चेन्नईत दुसऱ्याच्या पैशावर जोखीम घेण्याची ही गोष्ट आणखी जुनी आहे. २२ ऑक्टोबर १९०६ या दिवशी मद्रासमधली अर्बथनॉट अँड कंपनी बुडाली. ही नुसती व्यापारी पेढी नव्हती, लोकांच्या ठेवीही घेत होती. निवृत्त कारकून, विधवा, वकील, देवस्थानं, सगळ्यांचा पैसा तिच्याकडे होता, कारण गोऱ्या साहेबाची पेढी म्हणजे सरकारसारखीच पक्की, असा समज. तिचा लंडनमधला भागीदार हा पैसा सट्ट्यात घालत होता. पेढी बुडाली तेव्हा सरकार धावून आलं नाही. ठेवीदारांचे पैसे बुडाले, पण सर जॉर्ज अर्बथनॉट यांच्यावर खटला चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ब्रिटिश अमलात, मद्रासेत, एका ‘सर’ला. मैलापूरचे नामवंत वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी या पडझडीतूनच धडा घेतला: आपला पैसा आपल्या बँकेत हवा. १९०७ मध्ये इंडियन बँक सुरू झाली.

पुढे १९६९ मध्ये या बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि नव्वदीच्या दशकात तिने आपल्या जन्मदात्या संकटाचीच आठवण करून दिली. बड्या कर्जदारांना हात सैल सोडून दिलेली कर्जं थकली आणि १९९५-९६ मध्ये तिला १,३३६ कोटींचा तोटा झाला. त्या काळात हा आकडा भोवळ आणणारा होता. सरकारने भांडवल ओतलं, मग पुन्हा ओतलं. २००० मध्ये रंजना कुमार अध्यक्षपदी आल्या आणि त्यांनी बँक सावरली. आज ती सुस्थितीत आहे. ओतलेला पैसा वाया गेला असं म्हणता येणार नाही. बँक बुडू दिली असती तर अर्बथनॉटच्या वेळेसारखे लहान ठेवीदारच रस्त्यावर आले असते. बँकेला वाचवणं आणि बँक बुडवणाऱ्या कर्जदाराला वाचवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणं हेच सगळ्यात अवघड. अमेरिकेने २००८ मध्ये सातशे अब्ज डॉलरची योजना आणली, तेव्हाही लोकांच्या संतापाचं कारण हेच होतं. बँका वाचल्या याचा राग नव्हता. सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी कंपनीने पुढच्याच वर्षी आपल्या अधिकाऱ्यांना बोनस वाटले, याचा होता.

सावरलेल्या बँकांनी मग काय केलं? खात्यात किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून दंड घेतला. २०२३-२४ या एका वर्षात सरकारी बँकांनी असा २,३०० कोटींहून अधिक दंड गोळा केला, अशी माहिती संसदेत दिली गेली. त्यातले सुमारे ३६९ कोटी एकट्या इंडियन बँकेचे. जनधन खाती या दंडातून वगळलेली होती, म्हणजे हे पैसे आले ते साध्या बचत खात्यांवरच्या लोकांकडून, ज्यांच्याकडे महिनाअखेरीस ठरलेले हजार-दोन हजारही उरत नाहीत त्यांच्याकडून. ३६९ कोटी हा आकडा ओळखीचा वाटतोय का? शिवा इंडस्ट्रीजचं सगळं देणं मिटवायला देऊ केले त्याहून हे जास्त. जुलै २०२५ पासून इंडियन बँकेने हा दंड बंद केला, स्टेट बँकेने तर २०२० मध्येच. चांगलं झालं. पण तोवर शिल्लक नसण्याची शिक्षा म्हणून शिल्लक नसलेल्या माणसाकडून पैसे घ्यायला कुणाच्या व्यावसायिक शहाणपणाची परीक्षा द्यावी लागली नव्हती.

आता चेन्नईवर होणारा नेहमीचा आरोप. फुकट वाटायची चटक देशाला तामिळनाडूनेच लावली, असं म्हणतात. टीव्ही, मिक्सर, ग्राइंडर, पंखे, लॅपटॉप, बकऱ्या, मंगळसूत्राचं सोनं, काय काय वाटलं नाही! द्रमुकने २००६ च्या निवडणुकीत रंगीत टीव्हीचं आश्वासन दिलं आणि पुढच्या पाच वर्षांत दीड कोटींहून अधिक संच वाटले. त्याविरुद्ध एस. सुब्रमणियम बालाजी सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जुलै २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की, जाहीरनाम्यातलं आश्वासन हे भ्रष्ट आचरण ठरत नाही, पण निवडणूक आयोगाने याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं करावीत. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर तोफ डागली. सर्वोच्च न्यायालयात नव्या याचिकेची सुनावणी चालू होती, तेव्हा द्रमुकने हस्तक्षेप अर्ज करून न्यायालयाला विचारलं: परदेशी कंपन्यांची करमाफी, वजनदार उद्योगपतींची बुडीत कर्जं सोडणं, हेही मोफत वाटपात मोजायचं का? द्रमुकचा हेतू राजकीय होता, प्रश्न मात्र बिनतोड.

टीव्हीचा बचाव मी करणार नाही. सरकारने तो वाटावा असं काही अडलं नव्हतं, आणि केबलच्या धंद्यात कुणाचे हितसंबंध होते ते तामिळनाडूत सगळ्यांना माहीत आहे. पण याच राज्याच्या ‘वाटपा’तली दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. १९२० मध्ये जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना थाउजंड लाइट्स भागातल्या पालिका शाळेत मुलांना दुपारचं जेवण सुरू झालं. पन्नासच्या दशकात कामराज यांनी ते राज्यभर नेलं. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी पोषण आहार योजना सुरू केली, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी ती उधळपट्टी ठरवली. तिजोरी रिकामी होईल, पोरं जेवायलाच शाळेत येतील, असे आक्षेप होते. पोरं जेवायलाच आली, आणि आल्यावर शिकली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. आपल्या जिल्हा परिषद शाळेतली खिचडी त्याच रांगेतली.

अम्मा उणवगम हेही तसंच. फेब्रुवारी २०१३ मध्ये चेन्नई महापालिकेने जयललितांच्या नावाची ही उपाहारगृहं उघडली. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात. पालिकेला दरवर्षी मोठा तोटा होतो, आणि दर वर्षी तो वर्तमानपत्रात छापून येतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात अर्धं शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा याच स्वयंपाकघरांनी लोकांना फुकट जेवू घातलं. बांधकामावरचे बिहारी मजूर, रिक्षावाले, सरकारी रुग्णालयातल्या रुग्णांचे नातेवाईक रोज तिथे जेवतात. तिथे कुणी अर्ज भरून घेत नाही. रांगेत उभं राहायची तयारी हीच तपासणी. ज्याला परवडतं तो आपोआप दुसरीकडे जातो. गरिबांसाठीच्या योजनांत मला ही रीत सगळ्यात शहाणी वाटते.

वाटप कंपन्यांनाही होतं. चेन्नईहून कांचीपुरमच्या वाटेवर श्रीपेरुंबुदूर लागतं. २००५ मध्ये राज्य सरकारशी करार करून नोकियाने तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात मोबाइल फोनचा कारखाना काढला. दोनशेहून अधिक एकर जमीन, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, विक्रीकराचा परतावा, अखंड वीज. बदल्यात आठ हजारांच्या आसपास थेट नोकऱ्या मिळाल्या, त्यांत बहुतेक आसपासच्या जिल्ह्यांतल्या विशीतल्या मुली. काही वर्षं तो जगातल्या मोठ्या मोबाइल कारखान्यांत गणला गेला. मग आयकर खात्याशी सॉफ्टवेअरच्या रॉयल्टीवरून वाद झाला, मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतला पण हा वादातला कारखाना घेतला नाही, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद पडला. सवलती फुकट गेल्या असं ठोकून म्हणता येत नाही. आठ-नऊ वर्षं हजारो घरांत पगार गेला. पण सवलत देताना ‘इतकी वर्षं राहाल, नाही तर इतकं परत कराल’ अशी अट सरकारने ठामपणे घातली असती तर त्या मुलींना थोडी उसंत मिळाली असती. हजार रुपयांच्या अर्जावर असतात त्याच्या निम्म्या अटी तरी.

अटींचा विषय आलाच आहे, तर २० सप्टेंबर २०१९ चा दिवस आठवावा. पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. बैठकीपूर्वी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तिथेच पत्रकार परिषद घेऊन कंपनी कराचा दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी पंधरा. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हे त्यांनीच सांगितलं. शेअर बाजाराने त्या दिवशी उसळी घेतली. बावीस टक्क्यांच्या दरासाठी अट होती ती एवढीच की इतर करसवलती सोडा. वाचलेल्या पैशातून नवी गुंतवणूक करा, माणसं घ्या, पगार वाढवा, अशी एकही अट नव्हती. कुठल्या कंपनीला किती वाचले आणि तिने त्याचं काय केलं, हे विचारणारा अर्ज आजवर निघालेला नाही.

कंपनीला मिळणारी सगळ्यात मोठी माफी मात्र अर्थसंकल्पात कधी दिसत नाही. ती कंपनी कायद्यातच आहे. कंपनी बुडाली तरी भागधारकाचं नुकसान त्याच्या भागभांडवलापुरतंच. त्याचं घर, बायकोचे दागिने यांना धक्का लागत नाही. प्रवर्तकाने वैयक्तिक हमी दिली असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१९ पासून अशा हमीदारांविरुद्धही दिवाळखोरीची कारवाई करता येते. मर्यादित दायित्वाची ही सोय नसती तर रेल्वेही झाली नसती आणि गिरण्याही. ती चांगलीच आहे. पण ती कंपनीला आहे. शेतकऱ्याला, भाजीवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला नाही. त्यांचं कर्ज म्हणजे सात-बारा आणि घरातलं सोनं.

हे दिवाळखोरी संहिता लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेलं होतं, हे आवर्जून सांगायला हवं. ज्या कायद्याखाली शिवा इंडस्ट्रीजची तडजोड झाली, त्याच कायद्याच्या तिसऱ्या भागात, कलम ८० ते ९३ मध्ये, गरीब कर्जदारासाठी नव्या सुरुवातीची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाने अर्ज केला तर अधिकाऱ्याने चौकशी करायची आणि सगळं ठीक असेल तर त्याची देणी पुसून टाकायची. कर्जदात्यांच्या मतदानाची गरज नाही, व्यावसायिक शहाणपणाचीही नाही. संसदेने हा कायदा मे २०१६ मध्ये मंजूर केला. कंपन्यांसाठीचा भाग त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागू झाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या खंडपीठांसमोर प्रकरणांची रीघ लागली. गरिबांसाठीचं हे प्रकरण लागू करायला राजपत्रात एक अधिसूचना काढावी लागते. कंपन्यांच्या हमीदारांपुरता तिसऱ्या भागाचा काही अंश सरकारने सुरू केला. ही चौदा कलमं मात्र हे लिहीपर्यंत लागू झालेली नाहीत.